बाबांनी काय काय काढलं

आई-बाबा मेलबर्नला आले ते तीन महिन्यांसाठी. मग सीमा बंद झाल्या, विमानं थांबली आणि ते क्रेगीबर्नच्या आमच्या घरात पावणेदोन वर्षं राहिले. आईने बॅकयार्डात मेथी पेरली आणि ती रमली. बाबांचं तसं नव्हतं. पिंपरीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये उभा जन्म काढलेला माणूस. त्यांचे हात शिवशिवायचे. पहिल्या महिन्यात त्यांनी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या घट्ट केल्या, मग टोस्टर उघडला, आणि मग त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली.

टेबलावर आमच्या कंपनीचा गेम कन्सोल होता. कंपनी लहानशी, टीव्हीला जोडायचा मुलांसाठीचा एक कन्सोल बनवणारी, आणि मी तिथे इंजिनियर. कन्सोल देखणा होता, महाग होता आणि खपत नव्हता. दुकानं बंद झाल्यावर तर विचारायलाच नको. बॉसने व्हिडिओ कॉलवर सरळ सांगितलं, की ख्रिसमसच्या आत पोस्टाने पाठवता येईल असा, हलका आणि बराच स्वस्त कन्सोल तयार झाला तर ठीक, नाहीतर तो कंपनी बंद करणार. माणूस चांगला आहे, सांगताना त्याचाच चेहरा पडला होता. पण माझा व्हिसा त्या कंपनीच्या कागदावर होता आणि नवऱ्याचा नि लेकीचा माझ्या. कंपनी गेली की आम्हाला बॅगा भरायच्या होत्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दोन आठवडे मी स्वस्त चिप, स्वस्त प्लास्टिक शोधत पुरवठादारांना ईमेल लिहीत बसले. एके सकाळी बाबा चहा घेऊन आले, माझ्या मागे उभे राहिले आणि यात हा पंखा कशाला म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, गरम होतं. एवढं कशाने तापतं, त्यांचा पुढचा प्रश्न. माझं डोकं फिरलं. बाबा, हे तुमचं लेथ मशीन नाहीये, असं मी त्यांना सुनावलं. ते गेले आणि स्क्रूड्रायव्हर नि जेवणाचं ताट घेऊन परत आले.

ताटात भाग मांडायचे, वाट्यांमध्ये स्क्रू. आमच्या सगळ्या वाट्या त्या दिवशी गेल्या आणि आईने वरण मगमध्ये वाढलं. बाबांच्या कारखान्यात सूचनापेटी असायची. चांगल्या सूचनेला स्टीलचा डबा बक्षीस मिळे, आणि असे तीन डबे आमच्या घरी होते. त्यांची रीत साधी होती. यंत्रातला एक भाग काढायचा, यंत्र चालवायचं आणि कुणाला काही कळतंय का ते बघायचं. नाही कळलं, तर तो भाग परत बसवायचा नाही.

हे ‘कुणाला’ म्हणजे माझी नऊ वर्षांची लेक. तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. दिवसा ती ऑनलाइन शाळेत असे, तेवढ्यात आम्ही एक भाग काढायचो. शाळा संपली की ती आणि बाबा सोफ्यावर बसून कन्सोलवर मोटारी पळवायचे. बाबा दररोज हरायचे आणि दररोज ट्रॅकला दोष द्यायचे. खेळ संपवून ती उठून गेली, की ते वहीत एक ओळ लिहीत. पहिल्या दिवशी पुढचे निळे दिवे काढले. वहीत लिहिलं, ‘नाही कळलं’. दुसऱ्या दिवशी कॅमेरा, नाही कळलं. मग वायफाय. दुसऱ्या शहरातल्या मुलांशी खेळायची सोय म्हणून तो होता, आणि मी त्याच्यासाठी सहा महिने घासले होते. पण आमचा कन्सोल होता कुणाकडे? लेकीच्या वर्गात एकाकडेही नव्हता. नाही कळलं. मी नाक मुरडलं, पण ती ओळ खोडायला काही कारण सापडेना.

एवढं सगळं गेल्यावर कन्सोल तापायचाच थांबला, आणि दहाव्या दिवशी पंखा निघाला. बाबांनी तो ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघून फक्त भुवया उचलल्या. मला हसू आवरेना. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा मोकळी हसले.

उरला होता दुसरा कंट्रोलर. सगळ्यात मोठी बचत त्यातच, असं बॉसचं म्हणणं होतं. एकच कंट्रोलर द्यायचा, दुसरा हवा असेल त्याने वेगळा घ्यायचा. मलाही ते पटलं होतं. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

लेक शाळा संपवून आली. तिने टीव्हीसुद्धा लावला नाही.

“आजोबांचा कंट्रोलर कुठेय?”

मी म्हटलं, आज एकटीच खेळ.

“बट देन व्हॉट्स द पॉइंट?” असं म्हणून तिने कपाटातून सापशिडी काढली.

बाबांनी वही उघडली आणि ‘कळलं’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर मी बॉसशी भांडले. भांडलेच. ज्याच्या सहीवर माझा व्हिसा, त्याच्यावर मी आवाज चढवला, आणि दाराआड आई-बाबा श्वास रोखून ऐकत होते. त्याचा मुद्दा एकच होता, की दुसरा कंट्रोलर ठेवला तर किंमत वाढेल. मी म्हटलं, बाकी सगळं काढ, रंगीत खोकंही काढ, साध्या पुठ्ठ्यात पाठव.

“पण यावर्षी एकट्याने बसायची वस्तू कुणाला विकत घ्यावी लागत नाहीये,” मी इंग्रजीत त्याला म्हणाले. “ती सगळ्यांना फुकट मिळाली आहे.”

त्याने समोरचा हिशेबाचा कागद बाजूला सारला. मग म्हणाला, “फेअर इनफ, मेट.” माझा जीव भांड्यात पडला.

नवा कन्सोल जेवणाच्या डब्याएवढा होता, साध्या पुठ्ठ्यात, दोन कंट्रोलर घेऊन. पहिली खेप आठवड्यात संपली. दुसरी निघायच्या आतच संपली. बॉसने कामावरून कमी केलेल्या लोकांना एकेक करून परत बोलावलं, आणि माझ्या व्हिसाच्या पुढच्या कागदांवर सही करून तो स्वतः ते द्यायला आला. वहीची गोष्ट मी त्याला सांगितली होती; मास्क लावून, ड्राइव्हवेवर लांब उभा राहून त्याने बाबांना हात जोडले. बाबांनी इथल्या लोकांसारखं आयुष्यातलं पहिलं ‘नो वरीज’ म्हटलं आणि मग दिवसभर सगळ्यांना तेच म्हणत राहिले.

लॉकडाउनमध्ये फिरायला दिवसाचा एक तास मिळायचा. तेव्हा आमच्याच गल्लीत एका खिडकीतून दोन भावंडं आमचाच कन्सोल खेळताना दिसली. बाबा फुटपाथवर थांबले ते हलेनात. लोक चोर समजतील म्हणून मी त्यांना ओढत घरी आणलं. दुकानं उघडल्यावर मी इंडियन स्टोअरमधून स्टीलचा एक डबा आणला आणि सगळ्यांसमोर त्यांना बक्षीस दिला. चौथा. ते हसत होते आणि डोळेही पुसत होते, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की लेथचं ते बोलणं आठवून लाज वाटली.

पुढच्या वर्षअखेरीस विमानं सुरू झाली. आई-बाबा पुण्याला गेले, जाताना नवा कन्सोल घेऊन. वही त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

पहिल्याच रविवारी व्हिडिओ कॉल लागला. इकडे सोफ्यावर लेक, हातात कंट्रोलर. तिकडे बाबा, हातात कंट्रोलर. ती म्हणाली, “आजोबा, ऑनलाइन या ना.” ते मोठ्या उत्साहाने बटणं दाबू लागले. मला सांगावं लागलं, की यातून ऑनलाइन जाता येत नाही. आपण तो भाग काढलाय.

बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

“मीच काढला,” ते म्हणाले. “तेव्हा कसं कळणार? मी तिथेच बसलेलो होतो.”

मागून आई दुसरा कंट्रोलर उचलत म्हणाली, तोवर मी हरवते ना तुम्हाला. लेक खदखदून हसली आणि मीही. कॉल संपल्यावर मी वही काढली, वायफायची ओळ शोधली आणि ‘नाही कळलं’मधल्या ‘नाही’वर काट मारली.