विहिरीतले काटेकाका

काटेकाका वजनमापे खात्यात निरीक्षक आहेत. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, काटा बरोबर निघाला की त्यात तार ओवून शिशाचं सील ठोकायचं आणि एक वर्षाच्या मुदतीचा दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. मुदतीच्या आत कोणी सील तोडलं तर तो गुन्हा. त्यामुळे त्यांच्याशी मोकळेपणाने कोणी बोलत नाही. ते भाजी घ्यायला उभे राहिले की भाजीवाली आपण होऊन दोन टोमॅटो जास्त टाकते, ते दोन्ही काढून परत देतात, आणि मग दोघांनाही वाईट वाटतं. एक भाऊ आहे, तो परगावी. आठवड्यातून चार तास त्यांना माणसं मिळतात ती माझ्या जेवणाच्या टेबलाशी, रविवारी तीन ते सात.

तिथे चौघं मिळून एक खेळ खेळतात. दातांचे डॉक्टर सूत्रधार असतात. कुठलं जंगल, कुठला किल्ला, समोर कोण उभं आहे ते सांगतात. बाकीच्या तिघांनी एकेक सोंग घेतलेलं. शिंपीणबाई तलवारबाज, त्यांचे दीर शाळेची बस चालवतात ते मांत्रिक, आणि काटेकाका हमाल. हमाल का, असं मी एकदा विचारलं होतं. "कोणीतरी उचलायला हवं ना, मावशी," ते म्हणाले. प्रत्येकाने आपण काय करतो ते सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशावर ठरायचं. मी खेळत नाही. कोण कुठे पोचलं आणि कोणाच्या पिशवीत काय आहे ते वहीत लिहून ठेवते, कारण पुढच्या रविवारी प्रत्येकाला वेगळंच आठवतं.

खेळाचं जाडजूड नियमपुस्तक आहे, चौघांकडे एकेक प्रत. त्यात पान एकसष्टवर चौकटीत एक नियम होता: हवे असल्यास प्रत्येकाच्या पिशवीतल्या वस्तूंचे वजन धरावे आणि ओझे जास्त झाल्यास त्याची चाल निम्मी करावी. चौकटीतले नियम ऐच्छिक, ते टेबलाने ठरवायचे. दर रविवारी तीन वाजता काटेकाका घसा साफ करायचे.

"पान एकसष्टबद्दल माझा एक प्रस्ताव आहे."

"मांडा," डॉक्टर म्हणायचे.

"वजन धरावं."

हात वर व्हायचे. तीन विरुद्ध एक. काटेकाका "ठीक आहे" म्हणून चहा ओढून घ्यायचे आणि त्यांचा चेहरा असा फुलायचा की हरलेलं कोण हे परक्याला कळलं नसतं. असं चार वर्षं चाललं.

पुस्तकाच्या शेवटी प्रकाशकाचं एक कार्ड होतं. तुमच्या टेबलावर कोणत्या ऐच्छिक नियमाची चर्चा होते ते कळवा, अशी विनंती. शिंपीणबाईंनी आपलं कार्ड कॉलरचा नमुना कापायला वापरलं. त्यांच्या दिरांनी ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. डॉक्टर "भरतो, भरतो" म्हणत राहिले. काटेकाकांनी मात्र दर सोमवारी एक कार्ड पाठवलं. मूळ कार्ड एकच, म्हणून त्याच्या नकला काढल्या. मजकूर प्रत्येक वेळी तोच: पान एकसष्ट. चर्चा झाली. तीन विरुद्ध एक मताने फेटाळला. अशी दोनशे बारा कार्डं गेली.

मग नवी आवृत्ती आली. डॉक्टरांनी प्रस्तावना मोठ्याने वाचली. आलेल्या पत्रांपैकी बहुसंख्य पत्रांत एकाच नियमाची चर्चा आहे, वाचकांचा हा उत्साह पाहून तो नियम आम्ही मूळ खेळात घेत आहोत. नियम पान चारवर आला होता. चौकट गेली होती आणि 'हवे असल्यास' हे शब्दही.

"अभिनंदन, काका," बसवाले म्हणाले. "दोनशे बारा वेळा पडलात आणि शेवटी सरकार तुमचंच आलं."

काटेकाकांनी पान चार दोनदा वाचलं. चहाला हात लावला नाही.

"मी फेटाळला असंच लिहिलं होतं," ते म्हणाले.

"मग सोडून देऊ या. पुस्तक काय आपल्या घरी तपासायला येणार आहे?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"ऐच्छिक होता तोवर मी हरू शकत होतो, बाई. आता छापलेला नियम आहे. मीच तो मोडायचा म्हणजे उद्या कुठल्या तोंडाने कोणाचा काटा बघू?"

पुढचे तीन रविवार मंडळी खेळातल्या पहिल्या मुक्कामाच्या सराईतून बाहेर पडली नाहीत. शिंपीणबाईंच्या तलवारबाजाने कातडी पिशवीतलं पाणी प्यालं की पिशवी हलकी व्हायची, मग पुन्हा बेरीज. कंदिलातलं तेल जळायचं, पुन्हा बेरीज. बसवाल्यांनी विचारलं, पोटात गेलेलं पाणी माझ्याच ओझ्यात धरायचं का? काटेकाका यावर वीस मिनिटं विचार करत बसले. तिसऱ्या रविवारी साडेसहाला शिंपीणबाई उठल्या.

"पुढच्या रविवारपासून मला पडदे शिवायचे आहेत."

"किती रविवार?" डॉक्टरांनी विचारलं.

"खूप खिडक्या आहेत."

"वहिनी नाही तर मग मीही," बसवाले टेबलाकडे बघत म्हणाले. सगळे गेल्यावरही काटेकाका खुर्चीत बसून राहिले आणि रिकामा कप बशीत नीट मध्यावर ठेवत राहिले.

गुरुवारी ते माझ्याकडे आले. एका वाण्याच्या काट्याला सील ठोकताना त्यांना सुचलं होतं. काटा रोज कुठे तपासतात? एकदा तपासला की वर्षभर तो बरोबर धरतात. मग पिशव्याही एकदाच तपासाव्यात. अडचण एवढीच की मनातल्या पिशवीला सील ठोकता येत नाही.

म्हणून शनिवारी सगळ्यांनी खरोखरीच्या पिशव्या आणल्या. शिंपीणबाई येणार नव्हत्या. त्यांना दिरांनी "शेवटचं एकदा" म्हणून आणलं. काटेकाकांनी खात्याचा नव्हे, स्वतःचा काटा आणला होता. कंदील, तवा, खजिना म्हणून अंगणातले दगड, सगळं एकेक करून तोललं. शिंपीणबाईंच्या पिशवीत दोरी हवी होती, ती माझ्या वाळत घालायच्या कपड्यांची घेतली. मग तारा ओवल्या, पक्कड दाबली, तीन सीलं, तीन दाखले. मुदत एक वर्ष.

रविवारी खेळ असा काही धावला की विचारू नका. पाच वाजेपर्यंत दोन नद्या आणि एक बुरूज मागे पडला. शिंपीणबाईंनी कोणाचं तरी मुंडकंही उडवलं. पडद्यांचा विषय निघाला नाही. सव्वापाचला हमाल अंधारात एका कोरड्या विहिरीच्या कडेने चालला होता. फासा पडला तो एकावर.

"तुम्ही आत," डॉक्टर म्हणाले. "लागलं नाही. पण खोल आहे."

"थांबा, दोरी टाकते." शिंपीणबाईंनी पिशवी पुढे ओढली आणि गळ्यातली कात्री उघडली.

"सील तोडू नका," काटेकाका म्हणाले.

"अहो, तुम्ही विहिरीत आहात."

"म्हणूनच. माझ्यासाठी तोडलंत तर मी डोळेझाक केली असं होईल."

"मुदत कधी संपते?"

"अकरा महिने एकोणतीस दिवसांनी."

बसवाले हसले, मग थांबले. "आणि आम्ही तोवर काय करायचं?"

"तुम्ही पुढे जा," काटेकाका म्हणाले. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "हमाल काय, मिळतो दुसरा. पडदे पण राहिले असतील."

शिंपीणबाईंनी कात्री मिटली.

"मी काठावर बसते," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"म्हणजे खेळात?"

"खेळातच. घरी कशाला बसू काठावर?"

"मांत्रिकही बसतो," बसवाले म्हणाले. "थंडी आहे का, डॉक्टर?" डॉक्टरांनी फासा टाकून थंडी आहे म्हणून सांगितलं.

त्याला आता चौदा रविवार झाले. एकही चुकला नाही. माझे कपडे अजून खुर्च्यांवर वाळतात. सहाव्या रविवारी शिंपीणबाईंना आठवलं की तलवारबाजाच्या खिशात एक चमचा आहे. खिशाला सील नाही. तेव्हापासून त्या विहिरीच्या भिंतीत पायऱ्या खणताहेत, दर पायरीला फासा. डॉक्टरांच्या अंदाजाने चाळीस लागतील. परवा नववी झाली. खालून काटेकाका म्हणाले की पाचवी आणि सहावी यांच्या उंचीत फरक दिसतो आहे.

"मोजायची असेल तर वर या आणि मोजा," शिंपीणबाई म्हणाल्या आणि दहावीसाठी फासा उचलला.