पहिला कॉम्प्युटर आणि झेंडूची माळ

आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप असतं. खिडकीतून दसऱ्याची झेंडूची माळ दिसते. ती पार वाळली, पण तिच्याखालच्या कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं आवरण काही निघालं नाही.

आणि शिक्षकखोलीत गणिताचे आणि विज्ञानाचे सर तासभर भांडताहेत, जगातला पहिला कॉम्प्युटर कोणता!

"विजेवर चालला तोच खरा."

"मग दातेरी चाकांवर गणितं करणारं यंत्र काय पाटा-वरवंटा होतं?"

डोकं उठलं माझं. जे कधी वापरायचंच नाही, त्याच्या जन्मावरून माणसं इतक्या हिरिरीने का भांडतात, कोण जाणे.

शेवटी म्हटलं, "सर, पहिला कोणताही असू दे, निदान आपला तरी मुलांना दाखवू या. किल्ली द्या."

तेव्हा मात्र दोघांचं क्षणात एकमत झालं.

"नको हो मॅडम, मुलं हात लावतील!"