काकींच्या दाराची कडी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, त्याची माफी असावी. शेजारच्या काकींबद्दल लिहून ठेवते आहे.

रोज संध्याकाळी साड्यांना फॉल लावायला मी त्यांच्याकडे बसते. तेव्हा टीव्हीवर अंतराळातल्या यानाची मालिका लागायची. दोरा दातांनी तोडता तोडता काकी यानातल्या माणसांवर ओरडायच्या, "अवं पावणं, दार लावा की!" स्वतःच्या दाराला मात्र त्या रात्रीही कडी घालत नसत. काका पुरात म्हैस सोडवायला गेले, ते सापडलेच नाहीत. आले तर दार उघडं असावं, म्हणून. दिरांनी दहाव्याचा विषय काढला की म्हणायच्या, "माणूस गावल्याबिगर कसलं दहावं?"

मालिकेत एकाचा दोर तुटला आणि तो काळोखात वाहून गेला. बाकीचे त्याच्यासाठी थांबून राहिले. सीझनच्या शेवटच्या भागात त्यांनी त्याची रिकामी खुर्ची पुसली, हात जोडले आणि यान घराकडे वळवलं.

काकींची सुई थांबली. "लई वाट बघितली गं त्यांनी," एवढंच म्हणाल्या.

त्याच आठवड्यात नदीवर पिंड ठेवला. कावळा झाडावरून उतरेना. दिरांनी शेताचं, घराचं सगळं बघतो म्हणून सांगितलं, तरी उतरेना. शेवटी काकी पुढं झाल्या. "अवं, आजपास्नं दाराला कडी घालते. माझी काळजी करू नगासा."

कावळा शिवला.

संध्याकाळी मी नेहमीसारखं दार ढकललं, तर ते उघडलं नाही. आत काकी रडत होत्या. त्यांचं रडणं थांबेपर्यंत मी बाहेर उभी राहिले आणि मग पहिल्यांदाच त्यांची कडी वाजवली.