आबा शाफ्टच्या काठाशी बसले तो दिवस

माझे वडील विहिरी खणायचे. धरणगावच्या आसपासच्या शिवारात त्यांनी खणलेल्या विहिरी आजही पाण्याला आहेत. विहिरीच्या तोंडावर उभ्या केलेल्या यारीच्या दोराला अडकवलेल्या डोलात, म्हणजे लोखंडी बादलीत, एक पाय ठेवून आबा खाली उतरत, दिवसभर दगड फोडत आणि संध्याकाळी दगडाच्या भुकटीने पांढरे होऊन वर येत. एकदा भरलेल्या डोलातून दगड निसटून त्यांच्या खांद्यावर पडला. तेव्हापासून माय रोज त्यांच्याबरोबर जाऊ लागली. काठापासून चार हातांवर, पदर डोक्यावर ओढून बसून राहायची. मी तिच्या मांडीवर लहानाची मोठी झाले. मलाही खाली उतरायचं होतं, पण बाईमाणसाने विहिरीत उतरायचं नाही, हा आबांचा नियम.

जळगावला राहून मी भूगर्भशास्त्र शिकले आणि पुण्याच्या भुयारी मेट्रोच्या कामावर लागले. बोगदा शिवाजीनगरकडून निघून कोर्टाखालून, मग मुठा नदीखालून, जुन्या पेठा आणि मंडई ओलांडून स्वारगेटला जायचा होता. समोर येणारा दगड कसा आहे, ते रोज खाली जाऊन पाहायचं, हे माझं काम. घरी मात्र मी सांगितलं होतं की मी ऑफिसात बसून नकाशे काढते. मायला पुन्हा कुठल्या काठावर बसवायची माझी इच्छा नव्हती.

वर्षभर हे खपून गेलं. मग एका शनिवारी आबा न कळवता रात्रीच्या गाडीने पुण्यात आले. माझ्या खोलीच्या मालकिणीने त्यांना कामाचा पत्ता लिहून दिला. गेटवरच्या रखवालदाराने सहज सांगितलं, "मॅडम खाली गेल्यात."

मी दुपारी एकच्या सुमाराला वर आले. बोगद्यात उतरायच्या खड्ड्याच्या, शाफ्टच्या, जाळीबाहेर, सिमेंटच्या एका ठोकळ्यावर आबा बसले होते. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर पिशवी. त्यांना कोणीतरी पिवळं हेल्मेट दिलं होतं, ते त्यांनी टोपीवरच घातलं होतं. मला पाहून ते उठले नाहीत.

"कधी आलात आबा?"

"चार तास व्हयनात."

मी चिखलाने भरलेल्या बुटांनी त्यांच्यासमोर उभी. ते म्हणाले, "तू नकाशा काढस ना?"

"आबा, मायला काळजी वाटेल म्हणून..."

त्यांनी हात हलवून मला थांबवलं. खालच्या खड्ड्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बेटा, तुनी माय काठवर कशी बसत व्हती, ते माले आज समजनं."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना रडताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी त्या ठोकळ्यावर बसले आणि त्यांनी माझा मातीने माखलेला हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. आजूबाजूने माणसं जात होती. आम्हाला कोणाचंच काही वाटलं नाही.

पाहुण्यांना खाली नेण्याची परवानगी नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी त्यांना वरूनच सगळा मार्ग दाखवायला निघाले. नदीवरच्या पुलावर उभं राहून सांगितलं, बोगदा या पाण्याच्याही खालून जाणार. त्यांनी वाकून पात्र पाहिलं, दगड पाहिला, मान हलवली. मग आम्ही पेठांमधल्या गल्ल्यांत शिरलो.

तिथे माझी खरी अडचण होती. पेठांतल्या जुन्या घरांना विहिरी होत्या. बऱ्याच बुजवल्या होत्या, त्यांवर फरश्या बसल्या होत्या. बोगदा खणणारं मशीन तिथे पोचण्याआधी मार्गावरची प्रत्येक विहीर आम्हाला माहीत असायला हवी होती, नाहीतर वरची जमीन खचली असती. मी घरोघर फिरून यादी केली होती. आबांनी ती यादी मागितली नाही. ते नुसते चालत होते, अंगणं बघत होते.

एका बोळात ते थांबले. आतल्या चौकात उंबराचं झाड होतं आणि जवळची फरशी मधोमध जराशी खचली होती. आबांनी चप्पल काढून तिथे टाच आपटली. पुन्हा आपटून आवाज ऐकला. "आठे इहीर शे," म्हणाले.

माझ्या यादीत त्या घरासमोर "विहीर नाही" असं होतं. घरमालकही नाहीच म्हणाले. पण आतून त्यांच्या वृद्ध काकू भिंत धरत बाहेर आल्या. "होती की. मी लग्न होऊन आले तेव्हा याच विहिरीचं पाणी भरायचो. या पुतण्याच्या जन्माआधीच बुजवली."

मी वहीत खाडाखोड केली. आबा उंबराखाली बसून काकूंना विहीर किती परसांची, म्हणजे किती खोल, होती, पाणी गोड होतं का, हे विचारत राहिले. काकूंनाही किती वर्षांनी कोणीतरी त्यांच्या विहिरीबद्दल विचारत होतं. चहा झाला. सोमवारी मी ती नोंद वरिष्ठांना दिली. ते म्हणाले, "वडिलांना अजून आठवडाभर ठेवून घ्या."

आबा खरोखर आठवडाभर राहिले. मायला फोन त्यांनीच केला. "मी सांगसू तिले, बठ्ठं," म्हणाले आणि माझ्यासमोर सगळं सांगितलं. मग फोन माझ्या हातात दिला. मायचा आवाज आला, "तठे वारा येस का?"

"मोठ्या पाइपातून सोडतात गं. भरपूर येतो."

"दोर कोन धरस?"

"दोर नाही माय. जिना आहे, लिफ्ट आहे."

"मंग ठीक शे," ती म्हणाली. पण त्यानंतर बोगदा पूर्ण होईपर्यंत माझा वर आल्याचा फोन गेल्याशिवाय ती दुपारची जेवली नाही. हे मला अक्काने, माझ्या मोठ्या बहिणीने, फार उशिरा सांगितलं.

मेट्रो सुरू झाल्यावर दोघांना मी पुण्याला आणलं. सरकत्या जिन्याला माय इतकी घाबरली की आम्ही लिफ्टने खाली गेलो. गाडीत ती माझ्या आणि आबांच्या मध्ये बसली. कोर्टाचं स्टेशन सुटल्यावर मी म्हटलं, "माय, आता आपल्या डोक्यावर नदी आहे."

तिने वर पाहिलं. मग डब्यातल्या माणसांकडे पाहिलं. कोणी मोबाइल बघत होतं, एक बाई लसूण सोलत होती. "यासले माहीत शे का, तू आठे व्हती ते?"

"त्यांना कशाला माहीत असेल?"

"सांग ना त्यासले," ती म्हणाली. मी हसून नको म्हटलं. मग तिने स्वतःच लसूण सोलणाऱ्या बाईकडे वाकून सांगितलं, "ही मनी पोर. हिनी बनाडेल शे ही गाडी." त्या बाईला शब्द कळले नसावेत, पण तिने माझ्याकडे बघून हसून मान डोलावली. लाजेने माझे कान तापले.

स्वारगेट आलं. माय उठेचना. "परत जाऊत का?" म्हणाली. आम्ही परत गेलो, पुन्हा आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला आबांना झोप लागली आणि मायने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.