पाडसाचं दूध

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. बोलायला तोंड उघडायचं आणि — दुसरंच काही बोलून मोकळं व्हायचं.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेत भाजायच्या राबासाठी कवळ, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडायला गेलेल्या दिरांनी भेकराचं पाडस उचलून आणलं. त्याच्या आईला कुत्र्यांनी फाडलं होतं. सासूबाईंनी त्याला पदरात घेतलं. गाईचं दूध कोमट करायच्या, कापडाची वात भिजवून चोखायला द्यायच्या. मला म्हणाल्या, "साखरबिखर घालू नको गो. रानातलं लेकरू हाय."

आमच्याकडे चहा गुळाचा. रेशनची साखर पाहुण्यांसाठी. आणि हे पाडस माझा पाहुणा नव्हतं का? त्या घरात माझं असं दुसरं कोण होतं? सासूबाई शेतावर गेल्या की मी दुधात साखर घालू लागले. आधी चिमूटभर, मग वाढतीच. पाडस माझ्यामागे फिरू लागलं. सासूबाई हसायच्या, "माझ्याकडं बघत पण नाय गुलाम!" मला — खरं सांगू? — बरं वाटायचं.

मग त्याला हगवण लागली. सासूबाईंच्या मांडीवरच ते गेलं. "माझ्या दुधानं गेला गो," त्या म्हणत राहिल्या. मी अंगण सारवत राहिले.

पुढे रानातल्या जनावरांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आमच्या ओटीवर बसल्या. सासूबाईंनी त्यांना पाडसाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक जनावराच्या दुधात त्याच्या पिल्लापुरत्या वेगळ्या साखरी असतात, एकमेकींत गुंफलेल्या. काही तर पिल्लाला पचतही नाहीत. त्या त्याच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचं खाणं. गाईच्या दुधावर पाडस एखादे वेळी जगतं. पण डब्यातली साखर त्याला पचत नाही, हगवणच लागते. "तुम्ही घातली नव्हती ना?"

"नाय बाय! मीच नको म्हटलेलं. इचारा हिला."

मी मान हलवली. नाही म्हणून.

मला मुलगी झाली तेव्हा अंगावर दूध कमी होतं. सासूबाईंनी बोंडल्यात गाईचं दूध भरलं, बाळापाशी आल्या आणि थांबल्या. "तूच पाज गो. माझ्या हाताला यश नाय."

मी बोंडलं घेतलं. बाळाच्या तोंडाला लावलं. माझ्या एकाही लेकराला त्यांनी शेवटपर्यंत आपल्या हाताने दूध पाजलं नाही.