बिनअस्तराचा कोट

आमच्या मावशीला गल्लीत सगळे चिक्कू म्हणायचे. जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवले, आणि स्वतः थंडीत एक जुना पुरुषी कोट घालून दात वाजवत बसायची. त्याला अस्तर नाही. दुकानात फ्लॅनेलचे तागे पडलेले, पण ही बया त्यातला वीतभर तुकडा स्वतःला लावून घेईल तर शपथ. मी कितीदा म्हटलं, "मावशी, दे इकडे, संध्याकाळपर्यंत अस्तर लावून देते." तर म्हणायची, "हात लावून तर बघ." मग मीही चिडायचे. बस कुडकुडत, म्हणायचे.

लोक काही का बोलेनात, मला त्या कोटाची गोष्ट ठाऊक आहे. मी तेव्हा जन्मले नव्हते. थोडी आईने सांगितली, थोडी मावशीने, आणि शेवटचा तुकडा मामाने, मरता मरता.

लढाईचा काळ. परक्यांच्या फौजेने शहर घेतलेलं, शाळेत त्यांची छावणी. आजोबांची नजर गेलेली, त्यामुळे शिंप्याचं दुकान मावशीच चालवायची. फौजेच्या कपड्यांचं काम तिच्याकडे आलं; नाही म्हणायची सोय नव्हती. शेजारणी तोंडावर गोड बोलायच्या आणि पाठ वळली की नाक मुरडायच्या. त्यांना काय माहीत, त्याच कामातून मामाला बातमी मिळत होती.

बातमी कसली, अगदी साधी गोष्ट. शहरात पहारा देणाऱ्या शिपायाला साधा कोट पुरायचा. पण एखादी तुकडी डोंगरापलीकडे पाठवायची असली की आधी तिचे कोट अस्तर लावायला दुकानात यायचे, कारण वर खिंडीत बर्फ. बाहीवर तुकडीचा बिल्ला असायचाच. मावशी अस्तर लावता लावता कोण निघालंय ते बघायची. मामा कोळशाच्या वखारीत होता. इस्त्रीचा कोळसा टाकायला यायचा आणि जाताना एवढी बातमी घेऊन जायचा. मग डोंगरातली आपली माणसं खिंडीत वाट बघत बसायची.

यात माशी शिंकली ती त्यांच्या दुभाष्यामुळे. कोटांचे गठ्ठे घेऊन तोच यायचा. बाप त्यांच्यातला, आई मात्र डोंगरापलीकडच्या एका गावची, आपली भाषा बोलणारी. म्हणूनच तर त्याला फौजेत ओढला होता. उंच, लांबोडका, आणि डावा खांदा उतरता, त्यामुळे कोट कायम एका बाजूला घसरलेला. मावशीला वाकडं काम बघवत नसे. एक दिवस तिने त्याचा कोट काढून घेतला, डाव्या खांद्यात आतून कापडाच्या घड्या घालून शिवल्या, आणि परत अंगात घातला तेव्हा तो माणूस पहिल्यांदा सरळ दिसला. आरशात बघून म्हणाला, "आईने बघितलं असतं तर ओळखलं नसतं." झालं, तिथेच बाई फसल्या.

शिपाई सोबत असले की "अहो बाई", ते सिगारेट ओढायला बाहेर गेले की "अगं". ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर दोघांनाही ते जमायचं नाही. आईला कळलं, मामाला कळलं. न दिसणारे आजोबासुद्धा आतल्या खोलीतून म्हणायचे, "आज मशीन फार रेंगाळत चाललंय, तो आलाय वाटतं."

एकदा तो फ्लॅनेलच्या ताग्यावर हात फिरवत म्हणाला, "तुझ्या दुकानात बसलं की कुठली पलटण कुठे निघाली ते कळतं. बरं आहे, आमच्या साहेबांच्या डोक्यात हे येत नाही." दुसऱ्या दिवशी कोणी धरायला येईल म्हणून मावशी दाराकडे डोळे लावून बसली. कोणी आलं नाही. त्याने पोटात ठेवलं, आणि तिनेही तो विषय परत काढला नाही.

मामाला मात्र तिने बजावलं, "त्याच्या कोटाला अस्तर लागलं, तर त्या वेळी मला काही विचारायचं नाही. मी सांगणार नाही."

मामा भडकला. "आणि आपली माणसं मेली तर? तो तुझा कोण लागतो?"

"लग्न झालं असतं तर तुझा मेहुणा लागला असता," मावशी म्हणाली. मामा भरल्या ताटावरून उठला. आई सांगायची, त्यानंतर घरात कोणी धड जेवलंच नाही.

हिवाळ्याच्या तोंडाला दुभाष्या एक भलामोठा गठ्ठा घेऊन आला. डोंगरापलीकडची गावं जाळायला ही तुकडी निघालीय हे शिपाई उघड बोलत होते. त्यात त्याच्या आईचं गाव होतं. शिपाई बाहेर गेल्यावर मावशीने विचारलं, "आणि तुझा कोट?" तो त्याच्या अंगातच होता.

"मला कशाला अस्तर? मी इथेच आहे. कचेरीत शेगडी असते."

"नक्की ना?"

"अगं, गावं जाळायला दुभाष्या कशाला लागतो?"

मावशीचा जीव भांड्यात पडला. तिने सगळ्या कोटांना अस्तर लावलं, आणि कोळसा टाकायला मामा आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्या आठवड्यात ती गुणगुणत काम करायची, असं आई म्हणायची.

खिंडीत व्हायचं ते झालं. तुकडी मारली गेली, गावं वाचली. आज त्या चौकाला मामाचं नाव आहे. दुभाष्या मात्र दुकानात आला नाही. कामात असेल, मावशी म्हणायची.

मग मेलेल्यांचे कोट आले. फौज काही वाया घालवत नाही. धुतलेले कोट, भोकं रफू करून पुढच्या शिपायांना द्यायचे. मावशी एकेक उचलून बघत होती. एक हाताला हलका लागला. उलटून पाहिला तर अस्तर नाही. तिने डाव्या खांद्यात बोटं घातली. आत घड्या होत्या, आणि टाके तिचेच होते.

तिने तो कोट अंगात घातला आणि बाकीच्यांना रफू करायला बसली. एक कोट फाटून कामातून गेला, असं छावणीला कळवलं.

मामा कोळसा घेऊन आला. तिने विचारलं, "तू वर होतास?"

"होतो."

"तो कुडकुडत होता?"

"मला दिसला नाही," मामा म्हणाला. "आणि त्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं."

मावशीने परत विचारलं नाही. लग्नही केलं नाही.

मला त्या दुभाष्याचा फार राग येतो, खरं सांगते. नुसतं "माझ्याही कोटाला लाव" म्हणाला असता तर वाचला असता. पण मग आईचं गाव जळालं असतं. आणि एकटाच पळाला असता, तर सोबतच्या पोरांना मरायला सोडल्यासारखं झालं असतं. इकडे आड, तिकडे विहीर. पठ्ठ्याने दोन्हीकडचं इमान राखलं आणि मधल्यामध्ये स्वतः मेला. मावशीवर निवडायची पाळी येऊ नये म्हणून तो खोटं बोलला, असं आई म्हणायची. असेल. मला नाही पटत.

मामा शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हा मी भेटायला गेले. माझा हात धरून म्हणाला, "सगळ्या रांगेत एकच माणूस कुडकुडत होता गं. एवढ्या वरूनसुद्धा ओळखू आला. मी हात खाली केला की गोळ्या सुटणार होत्या."

"मग?"

"केला." मग तो लहान मुलासारखा रडला. "तिला सांगू नकोस," म्हणाला.

घरी आले तर मावशी दारात बसलेली, अंगात तोच कोट.

"काय म्हणाला?"

"काही नाही. तुझी चौकशी करत होता."

तिने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कधीच खोटं बोलत नाही, तेवढंच माझं दुर्दैव.

"तोही खोटं बोलला, हाही बोलला, आता तू," ती म्हणाली. "सगळ्यांना माझी दया. एकाने जरी खरं सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? त्याला वाचवलं असतं, की गावं वाचवली असती? रोज विचारते स्वतःला. मला माहीतच नाही गं. मला कोणी ठरवूच दिलं नाही."

मी म्हटलं, "आत चल, वारा गार आहे."

"असू दे," ती म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.