स्पिरिटची चूल

मी केमिस्ट्री शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की बिचाऱ्याला माहीत नव्हतं. अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मला बावीस वर्षं झाली. दरवर्षी अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला मी स्पिरिटचा दिवा खिडकीतल्या उन्हात ठेवतो, पेटवतो आणि पोरांना विचारतो, पेटलाय का? अर्धा वर्ग नाही म्हणतो. मग मी कागदाचं टोक वर धरतो, ते पेट घेतं, आणि पोरं दचकतात. "दिसत नाही म्हणून नाही, असं धरायचं नाही. आधी टोपण घालायचं, मग हात लावायचा." हे मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बडबडत असेन.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शुगरचा आकडा दाखवला आणि मी सायकल घेतली. आधी बडनेऱ्यापर्यंत, मग मोर्शीपर्यंत, मग एका मुक्कामाच्या फेऱ्या. एकट्याला बायको रात्रीचं बाहेर राहू देईना, म्हणून तिनं तिच्या धाकट्या भावाला माझ्यामागे लावलं. तो वरुडकडचा. संत्र्याच्या कलमांची त्याची नर्सरी आहे. जंबेरीच्या, म्हणजे जंगली लिंबाच्या, रोपाला चाकूनं चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा सालीसकट नखाएवढा सोलून त्या चिरेत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून टाकायचा, हे त्याचं काम. याला डोळा भरणं म्हणतात. मी एकदा घड्याळ लावून बसलो होतो, एका मिनिटात तीन. अंगठा आणि शेजारचं बोट एवढंच हलत होतं, आणि तोंडानं तो मला क्रिकेट समजावून सांगत होता.

सायकल त्यानं शेजाऱ्याची आणली होती, जुनी, लोखंडी. तरी चढावर तो माझ्यापुढे असायचा. याचा मला राग यायचा, आणि तो राग मी सामानावर काढला.

सामान हलकं करण्याचं वेडच लागलं मला. स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्या टेबलावर आला. टूथब्रशची दांडी अर्धी कापली. मच्छरदाणी कापून फक्त तोंडावरची ठेवली. तंबू विकून टाकला आणि पॅराशूटच्या कापडाचं पाल शिवून घेतलं, गाड्यांचे सीट कव्हर शिवतो त्याच्याकडून. दोन गोळ्यांच्या पट्ट्या कापून चार गोळ्या, दोन चिकटपट्ट्या, झाली औषधांची पेटी. कोल्ड्रिंकचे दोन डबे कापून एकात एक बसवले, कडेला सुईनं भोकं पाडली, आणि माझी चूल तयार झाली. बारा ग्रॅम. तीस मिली स्पिरिटमध्ये अर्धा लिटर पाणी उकळतं, हे मी गच्चीवर सहा वेळा मोजून वहीत लिहिलं होतं.

"भाऊजी, पोट कमी करा ना," साळा म्हणायचा. "दोन किलो तं तिथंच हाये. बिचाऱ्या ब्रशनं काय केलं तुमचं?"

मी हसत नसे. माझ्या बाबतीत थट्टा मला कळत नाही, असं बायकोचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे.

स्वयंपाकाचंही मीच ठरवायचो. डाळ या चुलीवर शिजत नाही, म्हणून वरण बाद. बेसन घरीच खमंग भाजायचं, त्यात लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून पुडी बांधायची, उकळत्या पाण्यात टाकलं की चार मिनिटांत पिठलं. सोबत दुधातल्या दशम्या, त्या दोन दिवस टिकतात. साळ्याला हे जेवण मनापासून आवडायचं. चूल मात्र आवडायची नाही. "तीन दगडं ठेवतो, पऱ्हाटीच्या चार काड्या जाळतो, काय बिघडते? जाळ दिसला पाह्यजे माणसाले." मी म्हणायचो, भांडं काळं होतं. टायटॅनियमचा मग होता ना माझा!

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावर तीन दिवसांनी, आम्ही परतवाड्याहून वर घाटात गेलो. धारणीकडच्या एका गावाच्या शिवेवर मारुतीच्या ओट्यावर मुक्काम करायचा होता, पोलीस पाटलाला विचारून. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याची पिशवी उघडून तपासली. हो, तपासली. चाळीस वर्षांच्या माणसाची पिशवी मी पोरांचं दप्तर उपसावं तशी उपसली. त्यातला दुपट्टा काढून ठेवला. सुती, जाडजूड, डोक्याला बांधायचा, अंग पुसायचा, बसायचा, सगळ्याचा एकच. एकशे नव्वद ग्रॅम. त्याच्या बदल्यात त्याला हातरुमालाएवढं झटपट सुकणारं फडकं दिलं आणि सुती सदऱ्याऐवजी पूर्ण बाह्यांचं ड्रायफिट.

"दुपट्टा राहू द्या ना भाऊजी," तो म्हणाला. "सवय हाये."

"सवयी वागवायच्या असतील तर घरी बस."

त्यानं दुपट्टा घडी करून ताईच्या खुर्चीवर ठेवला.

रात्र चांगली गेली. घडलं ते सकाळी, चांगल्या उन्हात. आठ वाजून गेले होते, ओट्यावर ऊन आलं होतं. मी सव्वा सातला उठलो म्हणून साळ्यानं चिडवलं, मग माझ्या अर्ध्या ब्रशवरून चिडवलं, मग चुलीवरून. मी आधीच तापलेला. चहासाठी तीस मिली जाळलं. पिठल्यासाठी पुन्हा तीस मिली घातलं, पण वारा होता आणि पाणी उकळेना. घराच्या गच्चीवर वारा मोजायचा राहिला होता. जाळ उन्हात आधीही दिसत नव्हता, आता भोकांतला आवाजही थांबला. मी टायटॅनियमचा मग उतरवून बाजूला घेतला, तशाच पाण्यात बेसन टाकलं आणि गुठळ्या मोडत बसलो, डोकं खाली.

साळ्यानं स्पिरिटची बाटली उचलली. खोकल्याच्या औषधाची जुनी प्लास्टिकची बाटली. बूच काढलं आणि मला विचारलं.

"भाऊजी, इझलं का?"

मी चुलीकडे पाहिलंही नाही. टोपण घातलं नाही, वर हात धरला नाही. म्हटलं, "विझलं म्हणजे विझलं. ओत लवकर."

त्यानं ओतलं.

मोठा आवाज झाला नाही. भक् झालं, आणि बाटलीतून जळतं स्पिरिट त्याच्या उजव्या हातावर आलं. तेव्हाही जाळ नीट दिसत नव्हता. मला दिसत होता तो फक्त हात झटकणारा साळा. एक क्षण मला वाटलं, हा थट्टाच करतोय. मग बाही आकसली आणि वास आला.

झाकायला काही नव्हतं. मी ते फडकं टाकलं, ते हातभरही नव्हतं आणि तेही प्लास्टिकसारखं वितळलं. तो स्वतःच मातीत हात घासत होता. ओट्याखाली हातपंप होता, तिथं एक कोरकू बाई हंडा भरत होती. तिनं हंडा लाथेनं बाजूला केला, साळ्याला मानेला धरून धारेखाली बसवलं आणि दांडा मारायला लागली. मी म्हटलं, मी मारतो. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "हाथ मत निकालो, हाथ मत निकालो," एवढंच ती त्याला म्हणत राहिली. वीस मिनिटं तरी ती दांडा मारत होती. ती होती म्हणून हात कोपरापासून कापावा लागला नाही, असं पुढे डॉक्टर म्हणाले. मी तिचे आभार मानले की नाही ते मला आठवत नाही.

काळीपिवळी जीप मिळायला वेळ लागला. तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे. प्रत्येक खड्ड्याला साळा दात आवळायचा आणि मी "आलंच, आलंच" म्हणायचो. धारणीला डॉक्टरांनी ड्रायफिटची बाही चिमट्यानं सोलून काढली. काढता काढता विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो. पण साळा आधी बोलला.

"मीनंच वतलं. पाह्यलं नाही."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मी तोंड मिटलं.

अमरावतीला बायको दवाखान्याच्या दारातच उभी होती. भावाचा हात पाहून ती आधी रडली आणि मग त्याच्यावर तुटून पडली. "अक्कल कुठी ठेवली होती? केमिस्ट्रीचा मास्तर बाजूले बसला होता, यायले इचाराले तोंड नव्हतं का तुले?"

"चुकलं ताई," तो म्हणाला.

मी तिथंच होतो. हाताच्या अंतरावर. तिथं बोललो नाही, तो माझा भेकडपणा. पुढे दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं बोललो नाही, त्याला भेकडपणाही म्हणवत नाही मला. नालायकपणा म्हणतो. दर संध्याकाळी डबा घेऊन मी दवाखान्यात जायचो आणि बायको म्हणायची, "किती करता हो तुम्ही त्याच्यासाठी."

मांडीची कातडी काढून हातावर लावली. साळा नर्सला म्हणाला, "लोकांच्या कलमा बांधता बांधता मलेच कलम केलं पाहा." कातडी धरली. पण अंगठा आणि शेजारचं बोट आखडलं ते आखडलंच. चमचा धरता येतो. चाकू धरता येत नाही.

माघात डोळे भरायचा हंगाम ऐन भरात होता, तेव्हा मी वरुडला गेलो. ठरवून गेलो. साळा नर्सरीत उलट्या घमेल्यावर बसला होता आणि त्याची बायको रोपाशी वाकली होती. तो तिला तोंडानं शिकवत होता. "चीर खोल नको. साल उचल फक्त. नाही, नाही, डोळा उलटा गेला." तिनं तो काढून टाकला. मग दुसरा. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि ती दोन बोटं आपोआप थोडी थोडी हलत होती. मला तिथं बघवेना.

दुपारी ती चहा करायला घरात गेली तेव्हा मी म्हटलं, "मी तुझ्या ताईला सांगणार आहे. तू विचारलं होतंस. मीच विझलं म्हणालो."

त्यानं डाव्या हातानं खाली पडलेला एक डोळा उचलला.

"सांगून माह्यी बोटं सरळ होतीन का?"

"नाही. पण ती तुला बोल लावते, ते मला ऐकवत नाही."

"मंग नका आयकू." त्याचा आवाज चढला, पहिल्यांदाच माझ्यासमोर. "तिले भाऊ एकच हाये अन नवरा बी एकच. भावाच्या हाताचं तिनं रडून घेतलं. नवऱ्याचं समजलं तं कुठी जाईन ती? रोज तुमच्यासंगच ताटावर बसाचं हाये तिले. तुमाले हलकं व्हाचं हाये भाऊजी, बस. सारं वजन काढत आले तुमी. माहा दुपट्टा काढला. आता हेही काढून ताईच्या आंगावर टाकून राहिले. ते नाही जमत. हे तुमी वागवा."

चहा आला. आम्ही प्यायलो. मी परत आलो. बायकोनं विचारलं, काय म्हणतो? मी म्हटलं, बरा आहे.

सायकल मी विकली नाही, तिच्यावर बसलोही नाही. वजनकाटा स्वयंपाकघरात गेला. यंदा प्रॅक्टिकलला दिवा पेटवला आणि नेहमीचं वाक्य न बोलताच टोपण घातलं. लॅब असिस्टंटला वाटलं, सर विसरले.

आणि घरी ती गोष्ट आता सगळ्यांना पाठ झाली आहे. पाहुणे आले की बायको सांगते. आधी रडून सांगायची, आता हसत सांगते, कारण दुःख किती दिवस तसंच ठेवणार? "आमचा भाऊ असा धांदरट, यायले इचारलं असतं तं!" पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवतात. मीही हलवतो.

यंदाच्या भाऊबीजेला तो आला. बरोब्बर दुपारी बाराला, गॅलरीचं दार उघडं, पाटावर ऊन. त्याच्या डोक्यावर तोच दुपट्टा होता. माझा मुलगा, सून, शेजारची मंडळी, सगळे भोवती. बायकोनं टिळा लावला, ताट घेतलं. उन्हात निरांजनाची ज्योत दिसेना. ओवाळता ओवाळता ती थांबली आणि हसत म्हणाली, "हात लांब ठेव रे बाबा. तुह्या भरवशावर नाही. यायले इचार आधी, इझला का ते."

सगळे हसले. साळाही हसला, सगळ्यांत मोठ्यानं. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"सांगा भाऊजी," तो म्हणाला. "इझला का?"

मी उठलो. ताटाजवळ गेलो, खाली वाकलो, आणि ज्योतीवर तळहात धरला. चटका बसेपर्यंत धरला.

"नाही," मी म्हटलं. "विझलेला नाही."

"मंग ठीक," तो म्हणाला, आणि त्यानं तो आखडलेला हात ताईसमोर ओवाळणी टाकायला पुढे केला.